तीन पेट्यांची नॅरोगेज लाइन: घरी बांधायचा, सुटा होणारा रेल्वे लेआउट

मॉड्यूलचा, म्हणजे सुट्या पेट्या जोडून केलेला मॉडेल रेल्वेचा लेआउट बिघडतो तो जोडावर. स्टेशनची कौलं, झाडं, शेतं कितीही देखणी झाली तरी दोन पेट्या भेटतात तिथे रूळ अर्धा मिलिमीटर सरकला की गाडी उतरते, आणि दर वेळी तिथेच उतरते. म्हणून आधी जोड पक्का करायचा, मग चौकट, मग रूळ आणि वायरिंग. माती आणि झाडं सगळ्यांत शेवटी. बहुतेक जण नेमकं उलट करतात, कारण झाडं करायला मजा येते.

बडोद्यात राहणाऱ्याला विषयासाठी लांब जावं लागत नाही. डभोई ते मियागाम ही गायकवाडी लाइन १८६२ सालची. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, २ फूट ६ इंच (७६२ मिमी), आणि सुरुवातीला डबे ओढायला बैल होते. भारतातली पहिली नॅरोगेज ती हीच. आता डभोईवरून एकतानगरला ब्रॉडगेजच्या गाड्या जातात. जुने डबे आणि इंजिनं जवळून बघायची असतील तर बडोद्यातच प्रतापनगरच्या हेरिटेज पार्कमध्ये जा, सोबत मेजरिंग टेप ठेवा आणि भरपूर फोटो काढा.

ही लाइन निवडण्यात हिशेबाचाही फायदा आहे. मॉडेल रेल्वेत एचओ म्हणजे १:८७ प्रमाण, आणि एन हे त्याहून लहान. ७६२ ला ८७ ने भागलं की ८.७६ मिमी येतात, आणि एन गेजचा रूळ ९ मिमीचा असतो. पाव मिलिमीटरचा हा फरक डोळ्याला कळत नाही. म्हणजे रूळ, चाकं आणि मोटरची चॅसी एन गेजची घ्यायची, आणि माणसं, बैलगाड्या, इमारती, डब्यांची अंगं एचओची. ब्रॉडगेजला हे जमत नाही. १६७६ मिमीला १:८७ मध्ये १९.३ मिमी रूळ हवा आणि एचओचा रूळ १६.५ मिमीचा, कारण तो परदेशी स्टँडर्ड गेजवरून ठरला आहे. आपलं इंजिन त्यावर ठेवलं की गुडघे जुळलेल्या माणसासारखं दिसतं.

मापं आणि लाकूड

प्रत्येक पेटी ९०० × ३०० मिमी, चौकटीची खोली ९० मिमी. एवढी पेटी रिक्षाच्या मागच्या सीटवर आडवी मावते, सोसायटीच्या लिफ्टमध्ये उभी राहते आणि तीन-सव्वातीन किलोच्या आसपास भरते. १२०० मिमीची पेटी कागदावर मोहक वाटते, पण जिन्याच्या वळणावर कोपरे ठेचले जातात.

चौकटीला १२ मिमी प्लाय घ्या, वरच्या पाटीला ६ मिमी. आयएस ३०३ या प्लायच्या मानकातला बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी सोसणारा) दर्जा पुरतो. एमआर (फक्त ओल सोसणारा) स्वस्त पडतो, पण जुलै-ऑगस्टच्या दमटपणात त्याचे थर सुटू लागतात. आयएस ७१० ची मरीन प्लाय उत्तम असली तरी इथे गरज नाही.

लाकडाच्या वखारीतच मशीनवर ९० मिमी रुंदीच्या पट्ट्या पाडून घ्या, आणि सगळ्या पट्ट्या एकाच सेटिंगवर पाडायला सांगा. मधे सेटिंग बदललं तर एक पट्टी ८९ ची आणि दुसरी ९१ ची येते आणि पाटी डुगडुगते. आठ फुटी, म्हणजे २४४० मिमीच्या एका पट्टीतून एका पेटीच्या दोन लांब बाजू (८७६ मिमी) आणि दोन टोकं (३०० मिमी) निघतात. तीन पेट्यांना तीन पट्ट्या, आणि मधल्या आडव्यांसाठी (२७६ मिमीचे सहा तुकडे) चौथी. टोकाच्या पट्ट्या बाहेरून लावायच्या, लांब बाजू त्यांच्यामध्ये बसवायच्या. तसं केलं की दोन पेट्या भेटतात तिथे पूर्ण ३०० मिमीचा सपाट, अखंड पृष्ठभाग मिळतो. ६ मिमी प्लायच्या ६ × ३ फुटी शीटमधून तिन्ही पाट्या निघून अर्धी शीट शिल्लक राहते. ती टाकू नका, पॅकिंगला लागते.

जोड

इथे घाई करू नका. दोन पेट्यांमध्ये दोन वेगळी कामं असतात आणि ती दोन वेगळ्या वस्तूंनी करायची. जागा ठरवते ती डॉवेल पिन, म्हणजे गुळगुळीत गोल खुंटी. घट्ट धरतो तो बोल्ट. बोल्टनेच जागा ठरवायला गेलं की भोक हळूहळू लंबगोल होतं आणि पाचव्या-सहाव्या जोडणीनंतर रूळ जुळेनासे होतात.

बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसीत) लेथचं लहान काम करून देणारे बरेच आहेत. त्यांच्याकडून पितळेचे १२ बुश (भोकात बसणाऱ्या आखूड नळ्या) करून घ्या: बाहेरचा व्यास १२ मिमी, आतलं भोक ८.०५ मिमी, लांबी १२ मिमी. सोबत ८ मिमी जाडीच्या, २२ मिमी लांबीच्या ६ स्टील डॉवेल पिना, एका टोकाला किंचित निमुळत्या केलेल्या. तिथेच ५ मिमी जाडीच्या ॲल्युमिनियमच्या ३०० × ९० मिमी तुकड्यात चार भोकं पाडून घ्या: पुढच्या आणि मागच्या कडेपासून ४० मिमीवर १२ मिमीचं एकेक, १०० मिमीवर ९ मिमीचं एकेक, सगळी वरच्या कडेपासून ५० मिमीवर. हा झाला साचा. सहाही टोकांच्या पट्ट्या याच साच्यावरून भोकायच्या. सहा पट्ट्या एकत्र आवळून हातातल्या ड्रिलने एकदम भोक पाडायचा मोह होतो, पण ७२ मिमी जाडीतून ड्रिल सरळ उतरत नाही, शेवटच्या पट्टीत भोक दोन मिलिमीटर बाजूला निघतं.

साच्यावर आणि प्रत्येक पट्टीवर पेन्सिलने 'वर' आणि 'पुढे' लिहा. साचा सममित दिसतो, पण चुलत्या-पुतण्याइतकाच सारखा असतो. एक पट्टी उलटी भोकली की साच्यातली पाव मिलिमीटरची चूक दुप्पट होऊन समोर येते.

प्रत्येक पेटीच्या डाव्या टोकाला पिना, उजव्या टोकाला नुसते बुश. पिना बुशमध्ये ॲरल्डाइटने बसवा, १० मिमी बाहेर राहतील अशा. बुश पट्टीत चिकटवताना दोन पट्ट्या समोरासमोर ठेवून, मधे पॉलिथिनचा कागद घालून, एम-८ च्या बोल्टने आवळा आणि तशाच रात्रभर ठेवा. पिनेला आधी ग्रीस लावा, नाहीतर ॲरल्डाइट आत झिरपून दोन्ही पट्ट्या कायमच्या एक होतील. भोकात जी काही ढिलाई असेल ती अशा वेळी गोंदात भरून निघते, आणि बुश जिथे हवा तिथेच बसतो. बोल्टचं भोक मात्र ९ मिमीच राहू द्या, ढिलं. बोल्टच्या दोन्ही बाजूंना रुंद वॉशर घाला आणि साध्या नटाऐवजी विंग नट वापरा.

चौकट उभी करताना

घरातली सगळ्यांत सपाट जागा म्हणजे स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा. थोडा उतार असला तरी चालतो, पीळ नसावा एवढंच. चौकट त्यावर उलटी ठेवून जोडा. फेविकॉल मरीन आणि ३.५ × ३५ मिमीचे स्क्रू, पण आधी २.५ मिमीचं भोक पाडून. प्लायच्या कडेत भोकाशिवाय स्क्रू घातला की थर उघडतात. कोपऱ्यात २० × २० मिमीचे लाकडी ठोकळे चिकटवा. दोन्ही कर्ण मोजा. फरक एक मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर गोंद ओला आहे तोवर कोपरा दाबून सरळ करा. मग पेटीच्या दोन टोकांवर एकेक सरळ पट्टी आडवी ठेवा आणि डोळा पातळीला आणून एकीच्या वरून दुसरी बघा. दोन्ही कडा समांतर दिसत नसतील तर पेटीला पीळ आहे. तो आत्ताच काढायचा, गोंद सुकल्यावर निघत नाही.

तिन्ही पेट्या बोल्टने जोडून मगच वरच्या पाट्या चिकटवा. त्यानंतर पॉलिश किंवा ऑइल पेंटचे दोन हात वर, खाली, आत, सगळीकडे द्या. नुसती वरची बाजू रंगवली तर खालून ओल शिरते, खालचा थर फुगतो आणि पावसाळा संपेपर्यंत पाटीला होडीसारखी बाक येते.

पायांसाठी २५ मिमी चौरस ॲल्युमिनियमच्या नळ्या घ्या आणि खाली एम-८ चा बोल्ट उंची कमी-जास्त करायला. फरशीला मोरीकडे उतार असतो, तो हा बोल्ट खातो. रुळाची उंची जमिनीपासून साधारण एक मीटर. उभ्याने चालवायला बरी, आणि मुलांनाही दिसते. जागा अगदीच कमी असेल तर पाय सोडून द्या आणि जेवणाच्या टेबलावर मांडा, काहीही अडत नाही.

रूळ टाकताना

आराखडा साधा ठेवा: पहिल्या पेटीवर शेवटचं स्टेशन, दुसरीवर शेतं, तिसरीवर गाड्या लपवायची जागा. आता स्टेशनचा हिशेब, म्हणजे इंजिन डब्यांच्या बाजूने दुसऱ्या टोकाला न्यायच्या जोडरुळाचा, लूपचा. पेटी ९०० ची. त्यातून दोन्ही कडांचे ५०-५० मिमी, इंजिन पुढे काढायला १२० मिमी आणि दोन सांध्यांचे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागांचे) साधारण १२५-१२५ मिमी वजा करा. उरतात ४३०. सांध्याजवळ दोन रुळांवरच्या गाड्या एकमेकींना घासू नयेत म्हणून दोन्हीकडचे ४०-४० सोडले की ३५० मिमी. १२० मिमीचे तीन डबे यात मावत नाहीत, दोनच मावतात. तिसरा डबा हवाच असेल तर लूप दुसऱ्या पेटीत न्यावा लागेल आणि जोडावर एकाऐवजी दोन रूळ जुळवावे लागतील. पहिल्या लेआउटला दोन डबे पुरे. या लाइनवरच्या गाड्या तशाही लहान शोभतात.

एन गेजच्या साध्या रुळाचे स्लीपर बारीक आणि दाट असतात. पेको कंपनीचा ००-९ फ्लेक्सट्रॅक (हवा तसा वाकणारा रूळ) त्याच ९ मिमीचा, पण स्लीपर मोठे आणि विरळ. नॅरोगेजचा भास तिथूनच तयार होतो, म्हणून थोडा महाग पडला तरी तो घ्या. खाली ३ मिमी कॉर्क. वळण घेतलंच तर त्रिज्या ३०० मिमीच्या खाली नेऊ नका. २२८ मिमीवर लहान इंजिन वळतं, पण लांब डबे एकमेकांना कोपरे मारतात.

जोडाजवळच्या शेवटच्या ४० मिमीत कॉर्क नको. ते बोटाच्या दाबानेही दबतं. तिथे ३ मिमी प्लाय किंवा कडक पॅकिंग घालून त्यावर १.६ मिमी कॉपर क्लॅड (वर तांब्याचा थर असलेली सर्किट बोर्डची) पट्टी ॲरल्डाइटने आणि दोन बारीक स्क्रूंनी पक्की करा. पट्टीवरचं तांबं मधोमध करवतीने कापून दोन भाग वेगळे करा, नाहीतर दोन्ही रूळ तिथेच शॉर्ट होतील. मल्टिमीटर लावून खात्री करून घ्या. रुळाच्या टोकाचे तीन प्लास्टिक स्लीपर काढा, पेट्या बोल्टने आवळा आणि रूळ एका पेटीतून दुसरीत अखंड न्या. शेवटचे ५० मिमी सरळ आणि कडेला काटकोनात हवेत. रुळाचा तळ सँडपेपरने चकचकीत करा, राळेचा फ्लक्स लावा आणि ६० वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने पटकन डाग द्या. आयर्न २५ वॅटचं असलं तर तांबं गरम व्हायला वेळ लागतो आणि तेवढ्यात पुढचे स्लीपर वितळतात. ओल्या कापसाचा बोळा त्यांच्यावर ठेवा. ॲसिड फ्लक्स वापरू नका, दोन पावसाळ्यांत डाग हिरवा पडतो. सगळं गार झालं की बारीक करवतीने किंवा डायमंड डिस्कने जोडाच्या रेषेवर रूळ कापा. आता रूळ आपोआप समोरासमोर आहेत, कारण ते एकच होते.

नखाने तपासा. बोटाचं नख रुळाच्या आतल्या कडेवरून जोडावरून पुढे न्या आणि परत आणा. नख अडखळलं तर चाकही अडखळणार. बारीक कानशीने आतली कड किंचित मारा, वरचा माथा नाही.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. बडोद्यात जानेवारीची पहाट आणि मे महिन्याची दुपार यांत तीस अंशांचा फरक सहज पडतो. निकेल सिल्व्हरचा ९०० मिमी रूळ तेवढ्यात जवळजवळ ०.४ मिमी वाढतो. आपण तर दोन्ही टोकं सोल्डरने बांधून टाकली आहेत. वाढायला जागा नसेल तर रूळ मधेच साप होतो. म्हणून प्रत्येक पेटीत मध्यावर एक कट ठेवा आणि तिथे सोल्डर न करता फक्त फिशप्लेट (रुळांची टोकं जोडणारा पत्र्याचा तुकडा) सरकवा. थंडीत काम करत असाल तर फट अर्ध्या मिलिमीटरची, मे महिन्यात करत असाल तर जवळजवळ शून्य.

वीज

१२ व्होल्ट डीसी, बीआयएस खुणेचा २ अँपिअरचा ॲडॅप्टर आणि त्यापुढे १ अँपिअरचा फ्यूज. प्रत्येक पेटीखालून लाल-काळी ०.७५ चौरस मिमीची मुख्य वायर, आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःची बारीक वायर. फिशप्लेटमधून वीज जाते या भरवशावर राहू नका. पावसाळ्यात तिच्यावर थर चढतो आणि इंजिन एका ठरावीक जागी मलूल होतं.

पेट्यांमध्ये जीएक्स-१६ चे चार पिनांचे, स्क्रूने आवळायचे कनेक्टर लावा. वीज जिकडून येते तिकडे भोकाचं, पुढे पिनांचं, म्हणजे उघड्या पिनांवर कधी वीज नसते. घरातल्या दिव्या-पंख्याचा प्लग-सॉकेट या कामाला कधीही वापरू नका. आज तुम्हाला माहीत आहे की ते १२ व्होल्टचं आहे. उद्या घरातलं कुणीतरी तो प्लग भिंतीत घालेल आणि रुळांवर २३० व्होल्ट येतील.

वेगासाठी बाजारातला पीडब्ल्यूएम (वीज झटपट चालू-बंद करून वेग बदलणारा) डीसी मोटर कंट्रोलर चालतो, दिशेला मधे बंद होणारा डीपीडीटी (दोन्ही तारा एकदम बदलणारा) स्विच. इंजिनात कोरलेस (आत लोखंडी गाभा नसलेली) मोटर असेल तर मात्र कमी फ्रीक्वेन्सीचा पीडब्ल्यूएम नको. मोटर गुणगुणते, तापते आणि लवकर जाते. तिला गुळगुळीत डीसी द्या.

सांधे हलवायला महागडं यंत्र नको. पेटीच्या कडेला साधा डीपीडीटी स्लाइड स्विच बसवा आणि त्याच्या दांड्याला भोक पाडून स्टीलची बारीक तार थेट सांध्यापर्यंत न्या. स्विचचा एक अर्धा भाग फ्रॉगची (सांध्यात रूळ एकमेकांना छेदतात त्या भागाची) पोलॅरिटी बदलतो, तार सांधा बदलते. दोन्ही एकाच हालचालीत होतात, त्यामुळे शॉर्ट होण्याचा प्रश्न मिटतो.

तिसऱ्या पेटीवर ४०० मिमी लांब कॅसेट करा: ६ मिमी प्लायवर अर्ध्या इंचाचे, १.५ मिमी जाडीचे दोन ॲल्युमिनियम अँगल, आडव्या कडा आतल्या बाजूला, मधे ९ मिमी अंतर. त्या कडाच रूळ. उभ्या बाजूंना क्लिप लावून वीज द्या. आख्खी गाडी कॅसेटसकट उचलून फिरवता येते, इंजिन हातात घ्यावं लागत नाही.

निसर्गाला हात लावण्याआधी आठवडाभर रोज गाडी चालवा. तिन्ही पेट्या रोज सोडा, रोज जोडा. जो दोष निघायचा तो आताच निघू द्या. खडी टाकल्यावर रूळ उचलायचा म्हणजे उखडणंच.

माती, खडी, वड

थर्माकोलऐवजी २५ मिमीचा एक्सपीएस (दाणे न सुटणारा कडक फोम) बोर्ड घ्या. थर्माकोलचे दाणे पिनांच्या बुशमध्ये जाऊन बसतात. फेविकॉल पातळ लावा, जाड थर दोन बंद पृष्ठभागांत महिनाभर ओला राहतो.

खडीसाठी ओरसंग नदीची वाळू. मोठ्या रेल्वेची खडी साधारण ५० मिमीची, म्हणजे १:८७ मध्ये अर्ध्या मिलिमीटरच्या जराशी वर. दोन चाळण्या लागतात, एक मैद्याची आणि एक तिच्याहून जाड. दोन्हींच्या मधे उरते ती आपली. धुऊन, वाळवून तिच्यातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं लोहचुंबक चारदा फिरवा. नदीच्या वाळूत काळे चुंबकीय कण असतात, ते मोटरच्या चुंबकाला जाऊन चिकटतात आणि इंजिन आतून घासतं. मग ब्रशने खडी पसरा आणि एक भाग फेविकॉल, तीन भाग पाणी, भांडी धुण्याच्या लिक्विडचे दोन थेंब असं मिश्रण ड्रॉपरने सोडा. सांध्याच्या हलत्या पात्यांजवळ गोंद अजिबात नको. तिथे सुकी खडी टूथपिकने एकेक दाणा ठेवा.

शेत कानम पट्ट्यातलं, म्हणजे काळी माती आणि कापूस. खरी माती वापरायची तर आधी तव्यावर चांगली तापवून किडे-अंडी मारा आणि चिमूटभर बोरिक पावडर मिसळा. लाकडाचा भुसा, सुकं शेवाळ अशा गोष्टींवर ऑगस्टमध्ये बुरशी धरते, त्यांनाही ती द्या. हे काम लहान मुलांपासून दूर करा.

वडाशिवाय बडोद्याचा लेआउट शोभत नाही. जुन्या केबलमधल्या तांब्याच्या बारीक तारा ३० घ्या, १५० मिमी लांबीच्या. खालचा ४० मिमी भाग एकत्र पिळा, त्यापुढे पाच-पाचचे गट करून आडवे पसरवा, कारण वड उंचीपेक्षा रुंदीला जास्त असतो. पुटी आणि फेविकॉलच्या लगद्याने बुंधा भरा आणि ओला असतानाच सुईने उभे ओरखडे काढा. पारंब्या नारळाच्या काथ्याच्या. एकेक धागा फांदीला चिकटवून खाली सोडा, काही जमिनीपर्यंत, काही अर्ध्यावर. सगळ्या सारख्या कापल्या की झाडाला पडदा लावल्यासारखं दिसतं.

तारेच्या खांबांना उत्तरायणानंतर गच्चीवर पडलेल्या फाटक्या पतंगांच्या कामट्या वापरा. दोन मिलिमीटरची कामटी म्हणजे १७ सेंटीमीटर जाडीचा खांब, प्रमाणात अगदी चपखल. उंची ७० मिमी. तार ओढलीत तर जोडाच्या अलीकडे-पलीकडे वेगवेगळी संपवा, जोडावरून नेऊ नका.

नेताना

दोन पेट्या समोरासमोर, निसर्ग आत, अशा धरून दोन्ही टोकांना ६ मिमी प्लायच्या पाट्या त्याच बोल्टच्या भोकांतून आवळा. या पाट्यांचीही भोकं साच्यावरूनच पाडलेली हवीत. पिनेची भोकंही त्यांत ठेवा, म्हणजे पिना वाटेत वाकत नाहीत. मधली मोकळी उंची सर्वांत उंच झाडापेक्षा २० मिमी जास्त ठेवा. दोन पेट्यांचा एक बंद खोका होतो आणि सगळ्यांत नाजूक भाग, म्हणजे रुळांची टोकं, पाटीमागे झाकली जातात. तिसऱ्या पेटीला वेगळं झाकण. इंजिन आणि डबे लेआउटवर ठेवून नेऊ नका, स्पंजच्या खणांत वेगळे न्या. मुक्कामी पोचल्यावर आधी पाय समतल करा, मग पिना, मग बोल्ट हलके, मग कनेक्टर, आणि विंग नट शेवटी आवळा. रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या सुती कापडाने पुसा. सँडपेपरने घासलेल्या रुळावर ओरखडे पडतात आणि काजळी त्यांतच साठते.